पीक दणक्यात, किंमत खड्ड्यात: उत्पादनाचं मूल्य ठरतं कशाने?

तिरपी_रेघ (धागाकर्ता)

मंडळी, "शेती उत्पादनाचं मूल्य इतक्या टक्क्यांनी वाढलं, उद्योगाचं इतक्या टक्क्यांनी घटलं" असं वाचलं की आपण लगेच निष्कर्ष काढून मोकळे होतो. वाढलं म्हणजे बरं चाललंय, घटलं म्हणजे बोंब. माझा अशा तक्त्यांशी रोजचा संबंध येतो, आणि हे वाचन फार घाईचं आहे असं माझं मत होत चाललंय.

मूल्य हा शेवटी गुणाकार. एका बाजूला किती पिकलं किंवा किती बनलं, दुसऱ्या बाजूला कुठल्या भावाने गेलं. पाठ्यपुस्तकातली जमीन, श्रम, भांडवल, संयोजन ही यादी सगळ्यांना पाठ असते, पण ती फक्त पहिल्या बाजूची आहे. दुसऱ्या बाजूला वेगळीच कारणं काम करतात, आणि कित्येकदा ती पहिलीच्या बरोबर उलट ओढतात.

जुनं उदाहरण देतो. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधला आकडेतज्ज्ञ ग्रेगरी किंग, त्याच्या नावाने एक हिशोब सांगितला जातो, चार्ल्स डॅव्हेनंटने तो 1699 मध्ये छापला. धान्याचं पीक नेहमीपेक्षा 10 टक्के कमी आलं तर भाव 30 टक्के चढतो. 20 टक्के कमी आलं तर 80 टक्के. निम्मंच पीक आलं तर भाव 450 टक्क्यांनी चढतो, म्हणजे साडेपाच पट होतो. आता गुणाकार करा. 0.9 गुणिले 1.3 म्हणजे 1.17. पीक दहा टक्क्यांनी बुडालं आणि एकूण मूल्य 17 टक्क्यांनी वाढलं! निम्म्या पिकाचं मूल्य तर पूर्ण पिकाच्या पावणेतीन पट. आकडे तंतोतंत तसेच लागू होतील असं नाही, पण दिशा आजही खोटी ठरलेली नाही. पोट मोजकंच असतं. धान्य कमी पडलं तर माणूस बाकी सगळं सोडून त्यावर पैसे घालतो, आणि जास्त झालं म्हणून दुप्पट जेवत नाही.

तर प्रश्न असा: कारखान्यात असं होतं का? होत नसेल तर का? शेतात आणि मशिनवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी लिहावं, पुस्तकी उत्तरं माझ्याकडे आहेत.

फावला_वेळ

जागा पकडून ठेवतो. वाचतोय.

बांधावरून

चांगला विषय. पण तो जो 1.17 आकडा आहे ना, तो सगळ्यांच्या शेतांची बेरीज आहे. माझ्या एकट्याच्या शेतात पीक निम्मं आलं म्हणून बाजारभावाला काडीचाही फरक पडत नाही. दुष्काळ सगळीकडे पडला आणि माझ्या विहिरीला पाणी टिकलं, तर मी तरलो. गारपीट फक्त माझ्या शिवारात झाली तर मालही गेला आणि भावही जागेवरच. एकूण मूल्य 17 टक्के वाढलं असं तक्ता सांगेल, पण त्यात कोण उठला आणि कोण झोपला ते दिसणार नाही.

आता "किती पिकलं" याबद्दल. बाहेरच्या माणसाला वाटतं पाऊस जास्त म्हणजे पीक जास्त. वर्षाचा पाऊस सरासरीएवढा पडूनही पीक हातचं जाऊ शकतं, कारण प्रश्न कधी पडला याचा असतो. मका तुऱ्यावर आणि स्त्रीकेसरावर आलेला असताना आठवडाभर ताण बसला तर दाणा भरत नाही, नंतर कितीही पाणी द्या. गव्हाचं तेच, दाणे भरताना ऊन तापलं की दाणा बारीक राहतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जगाचं सरासरी तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं तर गव्हाचं उत्पादन साधारण 6 टक्के आणि मक्याचं 7.4 टक्के घटेल असा अंदाज होता. आम्हाला तो अभ्यास न वाचताही पटतो.

खताचंही तसंच. जर्मनीत स्प्रेंगलने आणि मग 1840 च्या सुमारास लीबिगने मांडलेला नियम आहे, की जो घटक सगळ्यात कमी आहे तोच उत्पन्नाची मर्यादा ठरवतो. जमिनीत जस्त कमी असेल तर वरून युरियाची पोती ओतून पान हिरवंगार होईल, उतारा वाढणार नाही. पैसे मात्र जातील.

वाकडा_प्रश्न

म्हणजे सरळ म्हणा ना, भाव हाच एक घटक. बाकी तंत्रज्ञान, कौशल्य, भांडवल या सगळ्या व्याख्यानात बोलायच्या गोष्टी. भाव आला तर मूल्य आलं, नाही आला तर गेलं.

शिफ्ट_इन्चार्ज

वाकडा_प्रश्न, एक दिवस शॉपफ्लोअरवर या, मग बोलू :)

धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर: आमच्याकडे मागणी पडली की आधी भाव पडत नाही, आधी शिफ्ट पडते. तिसरी पाळी बंद, ओव्हरटाइम बंद, कंत्राटी माणसं कमी. साठा वाढला की मशिन थांबवता येतं. पेरलेलं पीक मध्येच थांबवता येत नाही. शेतीत धक्का भावावर बसतो, कारखान्यात तो प्रमाणावर आणि पर्यायाने कामगारांवर बसतो. मोठ्या मंदीत दोन्ही पडतात हे वेगळं. आणि पोलाद, रसायनं असा सगळ्यांचा सारखा माल असेल तर कारखानदारही शेतकऱ्यासारखाच भावापुढे हतबल असतो.

आता प्रमाणाच्या बाजूचं बोलतो, कारण तिथे बारकावे खूप आहेत. आठ तासांच्या पाळीत 480 मिनिटं. डाय बदलणं, सेटिंग, ब्रेकडाउन, माल न येणं यात 72 मिनिटं गेली. राहिली 408, म्हणजे 85 टक्के. या वेळात मशिन ठरलेल्या वेगाच्या 85 टक्क्यांनी चाललं. आणि निघालेल्या नगांपैकी 95 टक्के पास झाले. तिन्ही आकडे सुटे पाहिले तर साहेब खूश. गुणाकार केला की 69 टक्क्यांच्याही खाली. मशिनचा जवळजवळ तिसरा हिस्सा हवेत.

त्यातही रिजेक्शन सगळ्यात महाग. मशिन बंद राहिलं तर निदान कच्चा माल वाचतो. रिजेक्ट नगात माल, वीज, माणसाचा वेळ सगळं घालून झालेलं असतं. समजा नगाची किंमत 100, त्यातलं मटेरियल 60. शंभर नग पास झाले तर मटेरियल वजा जाता 4000 उरतात. पाच रिजेक्ट झाले तर विक्री 9500, मटेरियल मात्र तेच 6000, उरले 3500. पाच टक्के रिजेक्शनने साडेबारा टक्के खाल्ले. भंगाराचे चार पैसे येतील ते सोडा.

म्हणून भाव हाच एक घटक म्हणणाऱ्याला नमस्कार. भाव तोच असताना दोन शेजारच्या कारखान्यांत जमीनअस्मानाचा फरक असतो, तो इथून येतो. लाइनवर एक मशिन सगळ्यात हळू असतं आणि पूर्ण लाइन त्याच्याच वेगाने चालते. बाकीच्या मशिनवर कितीही खर्च केला तरी बाहेर येणारा माल वाढत नाही, मध्ये ढीग तेवढा वाढतो. बांधावरून यांच्या लीबिगचाच नियम झाला हा.

बांधावरून

शिफ्ट_इन्चार्ज, हे आवडलं. तुमची मर्यादा निदान डोळ्यांना दिसते, तिच्यापुढे ढीग साचतो. आमची मातीत लपलेली असते, माती परीक्षण केल्याशिवाय कळत नाही.

ताळेबंद

शिफ्ट_इन्चार्ज यांनी मटेरियल वजा केलं ते फार बरं झालं, कारण आतापर्यंतच्या चर्चेत दोन वेगळे आकडे एकमेकांत मिसळत होते. एकूण उत्पादनाचं मूल्य वेगळं आणि त्यातून बियाणं, खत, डिझेल, कच्चा माल, वीज असा बाहेरून घेतलेला वापर, म्हणजे निविष्टा, वजा केल्यावर उरतं ते सकल मूल्यवर्धन वेगळं. देशाच्या उत्पन्नात दुसरं धरतात. पहिलं धरलं तर कापूस एकदा शेतात, मग सुतात, मग कापडात, मग शर्टात असा चार वेळा मोजला जाईल.

या फरकामुळे काय घोळ होतो पाहा. समजा एका वर्षी एकूण उत्पादन 100, निविष्टा 40, मूल्यवर्धन 60. पुढच्या वर्षी पीक तेवढंच, खतही तेवढंच. पिकाचा भाव 10 टक्के वाढला, निविष्टांचा 50 टक्के. उत्पादन 110, निविष्टा 60, मूल्यवर्धन 50. वर्तमानपत्रातला मथळा: शेती उत्पादनाच्या मूल्यात दहा टक्के वाढ. शेतकऱ्याच्या हातातला पैसा: सहाव्या हिश्श्याने कमी. आणि स्थिर किंमतींनी, म्हणजे दोन्ही वर्षांना पहिल्याच वर्षाचे भाव लावून, मोजणारा सांगेल की काहीच बदललं नाही, 60 चे 60. तिन्ही वाक्यं खरी आहेत.

हे काल्पनिक नाही. मार्च 2022 मध्ये एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा, अन्नधान्य किंमत निर्देशांक तोपर्यंतच्या सर्वोच्च पातळीवर होता. त्याच सुमारास नैसर्गिक वायू महागल्यामुळे नत्रयुक्त खतांचे भावही भडकले होते. या खतांचा पाया असलेला अमोनिया मुख्यतः नैसर्गिक वायू वापरून बनतो, आणि 1913 मध्ये जर्मनीत ओप्पाऊला पहिला कारखाना सुरू झाल्यापासून शेतीची एक नाडी ऊर्जेच्या बाजाराशी बांधली गेली आहे. त्यामुळे धान्य महागलं म्हणजे पिकवणारा सुखी, हे समीकरण प्रत्येक वेळी तपासून घ्यावं लागतं.

तिरपी_रेघ

ताळेबंद, अगदी हेच. चालू किंमत की स्थिर किंमत, एकूण की वर्धित, हे शीर्षकात न लिहिता तक्ते फिरत असतात. मला विचाराल तर तसा तक्ता वाचूच नये.

रिकामी_ओळ

एक शंका. घरच्या माणसांनी शेतात राबलेले दिवस या वजाबाकीत येतात का? आणि घरी खाल्लेलं धान्य? ते तर विकलंच जात नाही.

ताळेबंद

रिकामी_ओळ, चांगला प्रश्न. घरी खाल्लेलं धान्य उत्पादनात धरतात, विकलेल्या तशाच मालाच्या भावाने त्याचं मूल्य लावतात. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीतच ते आहे. पण त्याच धान्याचा घरी केलेला स्वयंपाक धरत नाहीत. यावर वाद जुना आहे आणि तो रास्तही आहे, पण इथे नको.

घरच्यांचे श्रम निविष्टांमध्ये वजा होत नाहीत. मूल्यवर्धनाच्या आतच राहतात, आणि नफ्यात मिसळून जातात. या बेरजेला संमिश्र उत्पन्न म्हणतात. कारखान्यात पगार वेगळा दिसतो, नफा वेगळा दिसतो. घरच्या शेतीत मालकाचं व्याज, जमिनीचा खंड आणि चार जणांची मजुरी एकाच आकड्यात असते. त्यामुळे शेतीचं मूल्यवर्धन पाहून "नफा किती!" म्हणणाऱ्याला आधी विचारा, किती हातांत वाटून.

अजून एक वजा होत नाही ते म्हणजे विहिरीचं खाली गेलेलं पाणी आणि वाहून गेलेली माती. सकल आकड्यात ते कुठेच नाही.

खडू_फळा

वर्गात हा विषय शिकवते म्हणून राहवत नाही, थोडं लांबेल.

वाकडा_प्रश्न यांनी तंत्रज्ञानाला व्याख्यानात टाकलं. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1957 मध्ये अमेरिकेच्या 1909 ते 1949 या काळाचा हिशोब मांडला. त्या चाळीस वर्षांत माणसाच्या एका तासाचं उत्पादन साधारण दुप्पट झालं होतं. त्यातला भांडवल वाढल्यामुळे आलेला वाटा जेमतेम आठवा हिस्सा निघाला. उरलेला सात अष्टमांश त्यांनी तांत्रिक बदल या नावाखाली ठेवला. खरं तर ती एक शिल्लक आहे. शिक्षण, व्यवस्थापन, रस्ते, मोजणीतल्या चुका, सगळं त्या पोत्यात. म्हणून तो आकडा कोणी "तंत्रज्ञानामुळे 87 टक्के वाढ" असा फेकला की मी दचकते. पण यंत्रं वाढवली की उत्पादन त्याच पटीत वाढतं या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला.

आणि तंत्र आल्या आल्या फळ देत नाही. कारखान्यांत विजेच्या मोटारी आल्या तेव्हा आधी लोकांनी वाफेचं एक मोठं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटार बसवली. छताखालचे शाफ्ट, पट्टे, सगळं तेच. फायदा किरकोळ. प्रत्येक मशिनला स्वतःची मोटार मिळाली, मग मशिनं शाफ्टच्या रांगेत ठेवायची गरज उरली नाही, काम ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने मांडता आली, इमारती एकमजली झाल्या. तेव्हा कुठे 1920 च्या दशकात अमेरिकी उत्पादकतेत उसळी दिसली. वीज येऊन तोवर चार दशकं होत आली होती.

अनुभवाचाही हिशोब झालेला आहे. विमान बांधणीत एकूण नगसंख्या दुप्पट झाली की दर नगाला लागणारी मजुरी साधारण 20 टक्क्यांनी उतरते, असं टी. पी. राइट यांनी 1936 मध्ये मांडलं. शेतीत हे इतकं साधत नाही. वर्षात एक किंवा दोन हंगाम, म्हणजे आयुष्यभरात सरावाच्या फेऱ्या किती मिळणार?

आता मूळ मुद्दा: तंत्रामुळे झालेला फायदा कुणाच्या खिशात राहतो? विलर्ड कॉक्रेन यांनी 1958 मध्ये शेतीसाठी ट्रेडमिलची, म्हणजे धावूनही जागच्या जागीच ठेवणाऱ्या पट्ट्याची, कल्पना मांडली. नवं बियाणं पहिल्यांदा घेणाऱ्याला काही वर्षं जादा नफा. मग सगळे घेतात, एकूण माल वाढतो, भाव उतरतो. आता ज्याने घेतलं नाही तो तोट्यात, आणि ज्याने घेतलं तो पुन्हा होता तिथेच. फायदा ग्राहकाकडे गेला. वाईट झालं असं नाही, स्वस्त अन्न ही मोठी गोष्ट आहे. पण उत्पादनाच्या मूल्याच्या तक्त्यात शेतकऱ्याची हुशारी दिसत नाही याचं कारण हे.

कारखान्याला इथे पळवाट असते. पेटंट, ब्रँड, डिझाइन, ग्राहकाशी करार, यांच्या आडोशाने फायद्याचा काही भाग काही काळ धरून ठेवता येतो. शिवाय जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्ये दाखवलं तसं, उत्पन्न वाढतं तसा कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा कमी होतो. कारखान्याच्या मालाला वाढत्या उत्पन्नाचा जास्त भाग मिळतो.

वाकडा_प्रश्न

खडू_फळा, तुमचं लांबलचक उत्तर शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलं. शेतकऱ्याने कितीही डोकं लावलं तरी भाव खाऊन टाकतो. मग माल कमीच पिकवा, सगळ्यांनी मिळून. किंगचा नियम आहेच.

खडू_फळा

केलंय लोकांनी. ब्राझीलने 1931 ते 1944 या काळात भाव सावरण्यासाठी कॉफीची सुमारे 7.8 कोटी पोती नष्ट केली. अमेरिकेत 1933 मध्ये जवळपास 1 कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकला, सरकारने त्याचे पैसे दिले. अडचण अशी, की एका देशाने माल रोखला तर दुसरे देश लागवड वाढवतात. कॉफीत कोलंबियासारख्यांना ती संधी मिळालीच. आणि सगळ्यांनी कमी पिकवायचं ठरवलं की ज्याने गुपचूप जास्त पिकवलं त्याची चांदी. दुसरं, हा नियम फक्त ज्याच्यावाचून भागत नाही अशा मालाला लागतो. ज्याला पर्याय आहे त्याचा भाव चढवा, गिऱ्हाईक पर्यायाकडे जाईल. नैसर्गिक नीळ कृत्रिम निळीपुढे कशी संपली ते सगळ्यांना माहीत आहे.

चरखीवाला

आमचा जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा धंदा, शेती आणि कारखाना दोन्हींच्या मधला. म्हणून दोन शब्द. इथे सगळे "प्रमाण गुणिले भाव" म्हणताहेत, पण भाव म्हणजे एक आकडा नसतो. एकाच दिवशी, एकाच आवारात, कापसाच्या दोन ढिगांना वेगळा भाव लागतो. धाग्याची लांबी, ताकद, रंग, कचरा, आणि मायक्रोनेअर. हा शेवटचा आकडा तंतूचा जाडेपणा आणि पक्वता सांगतो. आंतरराष्ट्रीय व्यवहारात साधारण 3.5 ते 4.9 ला मूळ भाव, त्यातल्या त्यात 3.7 ते 4.2 ला थोडा जादा, आणि बाहेर गेला की कपात. 3.5 च्या खाली म्हणजे बोंड पुरतं भरलं नाही. सुतात गाठी येतात, रंग नीट चढत नाही.

लोकांना वाटतं गुणवत्ता म्हणजे बियाणं. अर्धी गुणवत्ता वेचणीत आणि नंतरच्या हाताळणीत जाते. ओला कापूस थप्पीला लावला की आतून तापतो, पिवळा पडतो. आम्ही चरखी जास्त वेगाने चालवली तर तंतू तुटतो. आमची रोजची गाठींची संख्या वाढते, आणि सूतगिरणी त्या गाठींचा भाव पाडते. शिफ्ट_इन्चार्ज यांच्या गुणाकाराला आमच्याकडे ही एक जोड आहे, वेग वाढवला की भाव कमी.

धान्यात ओलाव्याचं पाहा. 18 टक्के ओलाव्याचं 100 क्विंटल धान्य 12 टक्क्यांवर वाळवलं तर किती उरतं? बरेच जण पटकन 94 म्हणतात. कोरडा भाग 82 क्विंटल, तो नव्या वजनाच्या 88 टक्के असायला हवा, म्हणजे 93.2 क्विंटल. वाळलेल्या मालाला किमान 7.3 टक्के जादा भाव मिळाला तरच बरोबरी, वाळवणीची मजुरी वेगळी. तेवढा फरक मिळत नसेल तर शेतकरी ओला माल घालतो. मग "शेतकरी गुणवत्ता पाळत नाहीत" म्हणून ओरड. अहो, गुणवत्तेचा भाव द्या, आपोआप पाळतील.

शिफ्ट_इन्चार्ज

चरखीवाला +1. आमच्याकडे याच्याच पुढचं चित्र दिसतं. एसर कंपनीच्या स्टॅन शिह यांनी 1992 च्या सुमारास संगणक धंद्याबद्दल एक वक्ररेषा काढली होती, हसऱ्या तोंडासारखी. एका टोकाला संशोधन आणि डिझाइन, दुसऱ्या टोकाला ब्रँड आणि विक्री, तिथे मूल्यवर्धन जास्त. मध्ये जुळणी, तिथे सगळ्यात कमी. मधला माणूस सगळ्यात जास्त तास राबतो, हे त्या रेषेत दिसत नाही.

फावला_वेळ

अवांतर: मोठा कारखाना आणि मोठं शेत असलं की सगळे प्रश्न सुटतात असं एक काका दर लग्नात सांगतात. खरं आहे का?

शिफ्ट_इन्चार्ज

काकांचं अर्धं खरं. टाक्या, पाइप, भट्ट्या असलेल्या प्रक्रिया उद्योगात एक ठोकताळा आहे: क्षमता दुप्पट केली तर प्लँटचा खर्च 2 चा 0.6 वा घात, म्हणजे साधारण दीडपट. टाकीचं पोट घनात वाढतं, पत्रा चौरसात. म्हणून रिफायनऱ्या अवाढव्य असतात. पण तो प्लँट 50 टक्के क्षमतेने चालला तर हीच बचत गळ्याशी येते, कारण व्याज आणि घसारा पूर्ण क्षमतेचाच लागतो. शिवणकामात एक मशिन एक माणूस, तिथे दुप्पट म्हणजे जवळपास दुप्पटच.

बांधावरून

शेतात पाइप-टाकीचा हिशोब लागत नाही. मोठ्या शेताला मोठं यंत्र परवडतं, खत घाऊक मिळतं, इतका फायदा. पण रोप न् रोप बघणारा डोळा घाऊक मिळत नाही. एकरी उतारा लहान शेतात बरेचदा जास्त असतो, कारण घरची माणसं मोजमाप न ठेवता राबतात. माणशी उत्पन्न काढा, तिथे मोठा जिंकतो. काकांना विचारा, कुठल्या भाजकाने भागायचं?

आणि एक राहिलंच, ज्याच्यावर कुणी बोललं नाही. विकायची वेळ. सुगीत सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव बसतो, हे शाळकरी पोरालाही माहीत. मग शेतकरी थांबत का नाही? समजा पाच महिने ठेवायचं. कर्जाचं व्याज महिन्याला 1 टक्का धरा, गोदाम अर्धा टक्का, आणि कीड-तूट मिळून 2 टक्के वजन जातं. 1.075 भागिले 0.98, म्हणजे भाव 9.7 टक्के चढला तर जिथल्या तिथे. त्याच्यावर चढेल तो फायदा, आणि चढेलच याची हमी नाही. ज्याला गोदाम नाही आणि देणेकरी दारात, त्याला हा हिशोब करायचीही सोय नसते. त्याच मातीत, त्याच बियाण्याने पिकवलेल्या दोन ढिगांचं मूल्य कर्जाच्या हप्त्याच्या तारखेवरून वेगळं ठरतं. तुमच्या यादीत जमीन, श्रम, भांडवल आहे, त्यात ही तारीख कुठे बसवता?

वाकडा_प्रश्न

हे मान्य. भावातही "कुणाचा भाव" हा प्रश्न आहे तर. आणि या वर्षी भाव चढला म्हणून पुढच्या वर्षी सगळे तेच लावतात आणि आपटतात, ते वेगळंच.

खडू_फळा

त्याचा अभ्यास 1920 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत डुकरांच्या बाजारावर झाला होता, आर्थर हानाऊ यांनी केला. भाव चढला की पैदास वाढवायची, पिल्लं मोठी होऊन बाजारात येईतो भाव कोसळलेला, मग पैदास कमी, मग पुन्हा टंचाई. आलेख जाळ्यासारखा दिसतो म्हणून कॅल्डॉर यांनी 1934 मध्ये त्याला कोळ्याच्या जाळ्याचं नाव दिलं. निर्णय आज आणि माल उद्या, हे अंतर जितकं मोठं तितकी झोक्याची एक फेरी लांब. फळबागेत ते अंतर काही वर्षांचं असतं. कारखान्यांतही हे होतं बरं का, जहाजबांधणी आणि मेमरी चिप पाहा. चढ्या भावात सगळे एकदम क्षमता उभारतात.

ताळेबंद

बांधावरून यांच्या गोदामाबद्दल हिशोबाच्या बाजूने एक. वर्षभर पडून असलेल्या साठ्याचा भाव नुसता चढला म्हणून झालेला फायदा राष्ट्रीय लेख्यांत उत्पादन म्हणून धरत नाहीत, तो बाजूला काढतात. कंपनीच्या ताळेबंदात मात्र तो नफ्यात मिसळून दिसू शकतो. महागाईच्या वर्षात उद्योगांचे नफे फुगलेले दिसले तर आधी साठ्याचं मूल्यांकन कुठल्या पद्धतीने केलंय ते पाहायचं.

तिरपी_रेघ

सगळ्यांचे आभार, मागितलं त्यापेक्षा जास्त मिळालं. बांधावरून, तुमच्या तारखेचं उत्तर माझ्या तक्त्यात सध्या नाही. आम्ही शेतावरचा भाव म्हणून वर्षाची सरासरी लावतो, आणि कुठल्या महिन्यात किती माल विकला गेला याचं वजन त्या सरासरीला दिलेलं नसलं तर सुगीत विकणाऱ्याचं मूल्य फुगवून दाखवलं जातं. ऐंशी टक्के माल सुगीच्या दोन महिन्यांत 90 च्या भावाने गेला आणि उरलेला वीस टक्के पुढच्या दहा महिन्यांत 110 ने, तर बारा महिन्यांची साधी सरासरी 106.7 येते. वजन देऊन काढली तर 94. एवढ्या फरकात अख्ख्या वर्षाची "वाढ" मावते.

चरखीवाला, कापसात आवक महिन्यावार नोंदलेली असते ना? आणि प्रतवारीनुसार वेगळी, की सगळी एकत्रच?

चरखीवाला

आवक महिन्यावार मिळेल. प्रतवारी गाठ बांधल्यावर, प्रयोगशाळेतून आल्यावर कळते, त्यामुळे ती गाठीला चिकटलेली असते, शेतकऱ्याच्या ढिगाला नाही. तोवर दहा जणांचा कापूस एकत्र झालेला असतो. ढीगनिहाय हवी असेल तर खरेदीच्या वेळचीच नोंद घ्यावी लागेल, आणि तिथे डोळ्याने बघून लावलेला भाव असतो.